खरकट्याचा जठराग्नी

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे शेजारी तालुके. एकीकडे घोड, दुसरीकडे भीमा. नद्यांकाठी ऊस, दारात दुभती जनावरे. इथल्या शेतकऱ्याला गोबरगॅस नवा नाही. घरातले शिळेपाके जनावराच्या आंबोणात जाई, शेण टाकीत जाई आणि राहिलेली मळी शेतात. तालुक्याच्या गावांत मात्र ही साखळी तुटते. खाणावळी आणि मंगल कार्यालयांतले खरकटे प्लास्टिकच्या पिशवीत शिरते आणि कचराडेपोत कुजते. तिथे तयार होणारा मिथेन कुणाचीही चूल पेटवत नाही. उलट शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या २५ पटींहून अधिक उष्णता अडवतो.

पुण्यातील वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांनी या प्रश्नाकडे उलट बाजूने पाहिले. शेण म्हणजे जनावराच्या पोटातून उरलेला चोथा. त्यातले पोषण गाईने आधीच घेतलेले असते. मग जिवाणूंना चोथा का द्यावा, थेट अन्नच का देऊ नये? त्यांच्या मांडणीप्रमाणे ४० किलो शेणाचे काम सुमारे २ किलो पिष्टमय पदार्थ करतात, आणि तेही दिवसाभरात. त्यांच्या ‘आरती’ या संस्थेच्या घरगुती संयंत्राला २००६ मध्ये लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला.

हवाबंद टाकीत काम चालते ते पाळीपाळीने. जिवाणूंची पहिली फळी पिष्ट, प्रथिने आणि स्निग्धांश फोडते. दुसरी त्यांपासून आम्ले बनवते. शेवटची फळी आम्लांपासून मिथेन तयार करते. पहिल्या दोन्ही चपळ, शेवटची संथ. गडबड होते ती इथेच. लग्नाच्या तिथीला उरलेला भात एकदम ओतला, तर आम्ल साचते, टाकी ‘आंबते’ आणि गॅस थांबतो. माणसाला अजीर्ण व्हावे तसेच हे. उपायही तोच: काही दिवस लंघन, मग थोडे थोडे अन्न. नवी टाकी सुरू करताना शेणाचे विरजण लागते, कारण मिथेन करणारे सूक्ष्मजीव त्यात असतात.

एक टन खरकट्यातून साधारण १०० घनमीटर वायू मिळतो, म्हणजे स्वयंपाकाच्या सुमारे तीन सिलिंडरांइतके इंधन. उरलेली मळी उसाला खत म्हणून चालते, आणि या दोन्ही गावांना ऊस वेशीबाहेरच आहे. मोठ्या शहराला मळी वाहून न्यावी लागते; इथे ती अडचण नाही.

अडचण आहे ती पंगत उठल्यावरची. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला आणि सुका कचरा उगमाशीच वेगळा करायला सांगितले. पत्रावळीतला प्लास्टिकचा चमचा टाकीच्या पोटात पचत नाही. तो बाहेर काढायचा, तर पंगतीत काढणे सोपे. नंतर तो सफाई कामगाराच्या हातांना काढावा लागतो. म्हणून या यंत्राचा पहिला भाग टाकी नसून आपल्या ताटाशेजारी ठेवलेली दुसरी बादली आहे.