विद्यापीठाचे ई-मेल खाते

महाविद्यालयाच्या प्रवेशद्वाराजवळचा सूचनाफलक हे एके काळी विद्यार्थ्यांच्या गर्दीचे ठिकाण असे. परीक्षेचे वेळापत्रक, शुल्क भरण्याची अखेरची तारीख, शिष्यवृत्तीची यादी हे सारे त्या फलकावर लागे. बाहेरगावाहून येणारा विद्यार्थी चार दिवस आला नाही, तर एखादी महत्त्वाची तारीख त्याच्या हातून निसटत असे. आज यांपैकी बऱ्याच सूचना ई-मेलने येतात आणि त्यासाठी अनेक विद्यापीठे प्रवेशानंतर विद्यार्थ्याला आपल्या नावाचा ई-मेल पत्ता देतात. नोकरी सांभाळून दूरस्थ शिक्षण घेणाऱ्यास तर विद्यापीठाची पायरी चढण्याचा प्रसंग क्वचितच येतो. त्याच्यासाठी हा पत्ता म्हणजेच सूचनाफलक, कार्यालयाची खिडकी आणि टपालपेटी होय. म्हणूनच हे खाते काय आहे, ते कोणाचे आहे आणि ते कसे सांभाळावे, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

ई-मेल पत्त्याचे दोन भाग असतात. त्यांच्या मध्ये ‘@’ हे चिन्ह असते. त्याला ‘ॲट’ म्हणतात. अमेरिकन अभियंता रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर संदेश पाठवताना व्यक्तीचे नाव आणि संगणकाचे नाव वेगळे दाखवण्यासाठी हे चिन्ह निवडले. विद्यार्थ्याच्या पत्त्यात या चिन्हाच्या आधी त्याचे नाव किंवा नोंदणी क्रमांक असतो आणि नंतर संस्थेचे नाव असते. भारतातील अनेक शिक्षणसंस्थांच्या पत्त्यांच्या अखेरीस ‘एसी डॉट इन’ ही अक्षरे दिसतात. ती शिक्षणसंस्थांसाठी राखलेली असून त्यांची नोंदणी ‘अर्नेट इंडिया’ ही संस्था करते. अर्नेटचा प्रारंभ १९८६ साली भारत सरकार आणि संयुक्त राष्ट्रसंघाचा विकास कार्यक्रम यांच्या साहाय्याने झाला. सर्वसामान्य नागरिकांना इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ पासून उपलब्ध झाले. म्हणजे आपल्या देशात ई-मेल घरोघरी पोहोचण्यापूर्वीच काही मोजक्या शिक्षणसंस्थांत रुजला होता.

असा पत्ता विद्यार्थ्याची ओळखही पटवतो. ग्रंथालयाची ई-नियतकालिके वाचताना किंवा विद्यार्थ्यांसाठीची सवलत घेताना तो ओळखपत्रासारखा उपयोगी पडतो. मात्र खाते वापरणारा विद्यार्थी असला, तरी ते विद्यापीठाच्या मालकीचे असते. ग्रंथालयातील पुस्तकाप्रमाणे ते काही काळासाठी मिळालेले असते. त्याचे नियम विद्यापीठ ठरवते. गैरवापर झाल्यास ते बंद करू शकते आणि शिक्षण संपल्यावरही पुष्कळ ठिकाणी ते ठरावीक मुदतीनंतर बंद होते. ही गोष्ट ध्यानात न घेतल्यास पुढे मोठी अडचण होते. बँक, आधार, पॅन किंवा नोकरीचा अर्ज यांसाठी केवळ हाच पत्ता दिलेला असेल आणि खाते बंद झाले, तर त्या ठिकाणांहून येणारे संदेश विद्यार्थ्यापर्यंत पोहोचत नाहीत. विसरलेला पासवर्ड बदलण्याचा मार्गही खुंटतो. यासाठी अभ्यासाचा पत्रव्यवहार विद्यापीठाच्या खात्यातून आणि आयुष्यभराची कामे खाजगी खात्यातून करावीत. शेवटची परीक्षा झाली की आवश्यक पत्रे, प्रकल्प आणि प्रमाणपत्रे उतरवून घ्यावीत आणि संबंधितांना नवा पत्ता कळवावा.

ई-मेल मोबाइलमध्ये दिसतो. पण त्याचे खरे वास्तव्य तेथे नसते. पाठवलेला संदेश आधी पाठवणाऱ्याच्या सेवेच्या मोठ्या संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे जातो. तो सर्व्हर पत्त्यातील ‘ॲट’नंतरच्या नावावरून योग्य संस्थेचा सर्व्हर शोधतो व संदेश त्याच्या स्वाधीन करतो. तेथे तो साठवलेला असतो आणि मोबाइलवर आपण तोच वाचतो. त्यामुळे मोबाइल हरवला, तरी सर्व्हरवरील पत्रे हरवत नाहीत. पण याच कारणामुळे पासवर्ड ज्याच्या हाती पडेल, त्याला कोठूनही ती उघडता येतात.

सर्व्हरवरील जागाही अमर्याद नसते. काही वर्षांपूर्वी अनेक विद्यापीठांच्या खात्यांना कितीही साठा करण्याची मुभा होती. गूगलने २०२१ साली शिक्षणसंस्थांसाठीची ही सवलत आटोपती घेण्याचे जाहीर केले आणि पूर्ण संस्थेला मिळून १०० टेराबाइट इतका मूळ साठा ठरवला. तेव्हापासून अनेक संस्थांनी प्रत्येक विद्यार्थ्याला मर्यादा घालून दिली. खाते भरले की नवा संदेश स्वीकारला जात नाही, तो पाठवणाऱ्याकडे परत जातो. परीक्षेची सूचना अशा रीतीने परत गेली, तर विद्यार्थ्याला तिचा पत्ताही लागत नाही. म्हणून जड चित्रफिती आणि जुनी जोडपत्रे वेळोवेळी काढून टाकावीत.

रोजची एक ठरावीक वेळ खाते पाहण्यासाठी राखून ठेवणे हिताचे असते. परीक्षा, शुल्क, अभ्यास असे विषयवार कप्पे केले, तर हवे ते पत्र चटकन सापडते. नको असलेल्या संदेशांसाठी ‘स्पॅम’ नावाचा कप्पा असतो. संदेशांची निवड यंत्र करत असल्याने कधी कधी कामाचे पत्रही त्यात जाऊन पडते. जीमेलमध्ये स्पॅममधील संदेश ३० दिवसांनी आपोआप पुसले जातात. आठवड्यातून एकदा तरी तो कप्पा चाळावा, हे उत्तम.

कार्यालयाला लिहिताना विषयाची ओळ स्पष्ट असावी. ‘विनंती’ एवढेच लिहिण्याऐवजी ‘गुणपत्रिकेतील नावाच्या दुरुस्तीबाबत’ असे लिहिले, तर पत्र योग्य मेजावर पोहोचते. मजकुरात पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक व अभ्यासक्रम द्यावा आणि एका पत्रात एकच काम मांडावे. जोडपत्र खरोखर जोडले आहे का, हे पाठवण्यापूर्वी पाहावे. सर्वांना आलेल्या सूचनेला उत्तर देताना ‘सर्वांना उत्तर’ हा पर्याय जपून वापरावा. अन्यथा एकाची खाजगी अडचण शेकडो जण वाचतात. पाठवलेल्या पत्राची तारीख व वेळ खात्यात नोंदलेली राहते. अर्ज मुदतीत केला होता की नाही, असा वाद उद्भवल्यास ही नोंद विद्यार्थ्याच्या कामी येते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० या कायद्याने इलेक्ट्रॉनिक नोंदींना मान्यता दिलेली आहे.

फसवणूक करणारे लोक विद्यापीठाच्या नावाचा आधार घेतात. ‘आपले खाते २४ तासांत बंद होईल, खालील दुव्यावर पासवर्ड भरा’ अशा संदेशात भीती आणि घाई या दोन्हींचा वापर केलेला असतो. अशा वेळी पाठवणाऱ्याचे दिसणारे नाव नव्हे, तर पूर्ण पत्ता अक्षर न् अक्षर तपासावा. पत्ता खरा दिसला, तरी ते खाते दुसऱ्याच्या हाती गेलेले असू शकते. म्हणून पासवर्ड किंवा ओटीपी कोणालाही कळवू नये आणि शंका आल्यास विद्यापीठाच्या संगणक केंद्राकडे थेट चौकशी करावी. पासवर्ड लांब असावा, तो इतरत्र वापरलेला नसावा. पासवर्डनंतर मोबाइलवरही खात्री करून घेणारी दुहेरी पडताळणी सुरू ठेवावी. सायबर कॅफेतून किंवा मित्राच्या मोबाइलवरून खाते उघडले असेल, तर काम होताच ‘लॉग आउट’ करावे.

दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा या कायद्याच्या कलम ६६-सी नुसार गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खाते परक्या हाती गेल्याचे ध्यानात येताच पासवर्ड बदलावा आणि संगणक केंद्राला कळवावे. पैशांची फसवणूक झाली असेल, तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी. लवकर कळवल्यास पैसे पुढे जाण्यापूर्वी अडवता येण्याची शक्यता असते.

पूर्वी सूचनाफलकापर्यंत चालत जाणे ही विद्यार्थ्याची जबाबदारी होती. आता सूचना त्याच्यापर्यंत येते. पण ती वेळेवर वाचणे, जपून ठेवणे आणि खरी-खोटी ओळखणे ही जबाबदारी त्याचीच आहे. पदवी मिळाल्यावर हे खाते विद्यापीठाकडे परत जाईल. पत्रव्यवहाराची लागलेली शिस्त मात्र नोकरीत, व्यवसायात आणि नागरिक म्हणून कोणत्याही कार्यालयाशी व्यवहार करताना त्याच्या उपयोगी पडत राहील.