विश्लेषण : काचेच्या धाग्याने जग जोडणारे चार्ल्स काओ कोण होते?

मुंबईतून लंडनला केलेला व्हिडीओ कॉल उपग्रहामार्फत जातो, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात देशादेशांतील बहुतांश डेटा समुद्रतळाशी टाकलेल्या केबलमधून, केसाइतक्या बारीक काचेच्या धाग्यांतून धावतो. याचा पाया घातला चार्ल्स काओ यांनी. मात्र या कामासाठी नोबेल मिळाले, तेव्हा ते काम समजावून सांगणेही त्यांना शक्य नव्हते.

काओ कोण होते?

काओ यांचा जन्म १९३३ मध्ये शांघायमध्ये झाला. १९४८ मध्ये त्यांचे कुटुंब हाँगकाँगला आले. लंडनमध्ये विद्युत अभियांत्रिकी शिकून ते इंग्लंडमधील हार्लो येथील स्टँडर्ड टेलिकम्युनिकेशन लॅबोरेटरीज या प्रयोगशाळेत काम करू लागले. १९६५ मध्ये त्यांनी युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनची पीएचडी मिळवली.

अडचण काय होती?

काचेच्या धाग्यातून प्रकाश नेता येतो, हे आधीच माहीत होते. धाग्याच्या गाभ्यापेक्षा आवरणाचा अपवर्तनांक कमी ठेवला, की प्रकाश आतल्या आत परावर्तित होत पुढे सरकतो. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदर सिंग कपानी आणि हॅरल्ड हॉपकिन्स यांनी लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमध्ये अशा धाग्यांच्या जुडग्यातून प्रतिमा पाठवली होती. १९५४ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

शरीरात डोकावणाऱ्या एंडोस्कोपसाठी एवढे अंतर पुरेसे होते, दूरसंचारासाठी नव्हते. त्या काळच्या धाग्यात अवघ्या २० मीटरनंतर सुमारे १ टक्काच प्रकाश उरत असे.

काओ यांनी वेगळे काय केले?

हा काचेचा मूळ गुणधर्म आहे की तिच्यातील भेसळीचा परिणाम, हा प्रश्न त्यांनी विचारला. १९६६ मध्ये सहकारी जॉर्ज हॉकहॅम यांच्यासोबतच्या शोधनिबंधात त्यांनी उत्तर मांडले. दोष मुख्यतः काचेतील लोहासारख्या अशुद्धींचा आहे. त्या काढल्या तर १ किलोमीटरनंतरही १ टक्का प्रकाश उरू शकतो. अभियंत्यांच्या भाषेत ही मर्यादा किलोमीटरला २० डेसिबल.

एवढी शुद्ध काच तेव्हा कुणाकडेच नव्हती. काओ वेगवेगळ्या देशांतील प्रयोगशाळा आणि काच उत्पादकांना भेटून ती बनवता येईल, हे पटवत राहिले. अत्यंत शुद्ध सिलिकावर मोजमापे करून त्यांनी पुरावाही दिला. अखेर १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनी किलोमीटरला १७ डेसिबलचा धागा तयार केला.

पुढे काय झाले?

१९८८ मध्ये ‘टॅट-८’ ही अटलांटिक महासागरातील पहिली ऑप्टिकल फायबर केबल सुरू झाली. आजच्या उत्तम धाग्यात १ किलोमीटरनंतरही सुमारे ९५ टक्के प्रकाश उरतो. त्यामुळे समुद्रात दर काही दहा किलोमीटरवर प्रवर्धक बसवून हजारो किलोमीटर संदेश पाठवता येतो. भारतात येणाऱ्या अनेक समुद्री केबल मुंबईत, वर्सोव्याच्या किनाऱ्यावर उतरतात.

नोबेलच्या वेळी काय घडले?

२००९ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा काओ यांना मिळाला. उरलेला अर्धा डिजिटल कॅमेऱ्यातील सीसीडी सेन्सरच्या शोधासाठी विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांना विभागून देण्यात आला. एका शोधामुळे फोटो डिजिटल झाला, दुसऱ्यामुळे तो क्षणात जगभर पोहोचू लागला.

तोवर काओ यांना अल्झायमरने ग्रासले होते. स्टॉकहोममध्ये ते उपस्थित होते, पण नोबेल व्याख्यान त्यांच्या पत्नी ग्वेन यांनी दिले. पुढच्याच वर्षी दोघांनी अल्झायमरच्या रुग्णांसाठी हाँगकाँगमध्ये संस्था सुरू केली. २३ सप्टेंबर २०१८ रोजी काओ यांचे तिथेच निधन झाले. त्यांच्या निधनाची बातमी जगभर पोहोचली, ती बहुतांशी काचेच्या धाग्यांतूनच.