हिरव्या थेंबावर नजर

भाद्रपदात साताऱ्याजवळच्या कास पठाराच्या सड्यावरची उथळ डबकी काठोकाठ भरलेली असतात आणि त्यांत वायतुरा फुलतो. दोन फाट्यांचा तुरा पाण्याबाहेर काढणारी ही वनस्पती. सुंदरराघवन, कुलकर्णी आणि एस. आर. यादव या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये तिची शास्त्रीय नोंद केली आणि तिच्या नावात सातारा कायमचा बसला: अ‍ॅपोनोजेटन सातारेन्सिस. आसपास ओल्या जमिनीवर सीतेची आसवं आणि जांभळी मंजिरी पसरलेली असते.

या तिघींचेही भाऊबंद फिशटँकच्या दुकानांत विकायला असतात. वायतुऱ्याच्या कुळातले अ‍ॅपोनोजेटन, सीतेच्या आसवांच्या कुळातली, तळाला हिरवळीसारखी पसरणारी युट्रिक्युलारिया, मंजिरीच्या जातकुळीतले पोगोस्टेमॉन. फरक एवढाच, की सड्यावरच्या या वनस्पतींची पानं किंवा शेंडे हवेत असतात आणि टाकीत त्या आपादमस्तक बुडालेल्या असतात.

तिथेच अडचण सुरू होते. वनस्पतीला अन्न तयार करायला कार्बन डायऑक्साइड लागतो आणि पाण्यात हा वायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजारपट संथ पसरतो. नुसत्या हवेच्या संपर्कात राहिलेल्या पाण्यात तो लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास असतो. मासे आणि तळातला गाळ धरून टाकीत तो दोन-तीन मिलिग्रॅमपर्यंत जातो. वरून प्रखर दिवे लावले की पानांची भूक वाढते, पण खायला काही नसतं. पानं खुरटतात आणि त्यांच्या कडांवर काळं, दाढीसारखं शेवाळ चढतं. जपानच्या ताकाशी अमानोंनी निसर्गदृश्यासारख्या टाक्या जगभर लोकप्रिय केल्या, त्यामागे सिलिंडरमधून सोडलेल्या या वायूचा मोठा हात होता. आज झाडांच्या टाकीत लिटरला ३० मिलिग्रॅम हे उद्दिष्ट धरतात. त्याच्या फार वर गेलं की मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागतात.

म्हणून वायू सोडण्याइतकंच तो मोजणं महत्त्वाचं. सेकंदाला किती बुडबुडे सुटतात हे मोजून अनेक जण समाधान मानतात. पण बुडबुड्यातला किती वायू पाण्यात विरघळला आणि किती वर येऊन उडून गेला, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

त्यासाठी ड्रॉप चेकर असतो. काचेचा सुपारीएवढा फुगा, तोंड खाली करून टाकीच्या आत चिकटवलेला. त्यात ब्रोमोथायमॉल ब्लूचे थेंब घातलेलं निळसर पाणी असतं. टाकीचं पाणी आणि हे पाणी यांच्यामध्ये हवेचा एक कप्पा राहतो. त्या कप्प्यातून फक्त वायू पलीकडे जातो, त्यामुळे टाकीतल्या इतर आम्लांनी निकाल बिघडत नाही. निळा रंग म्हणजे वायू कमी, हिरवा म्हणजे ३० च्या आसपास, पिवळा म्हणजे धोका. आतलं पाणी मात्र टाकीतलं चालत नाही. त्याची कार्बोनेट क्षारता, म्हणजे केएच, नेमकी ४ अंश हवी. डिस्टिल्ड पाण्यात लिटरला ०.१२ ग्रॅम खायचा सोडा घातला की ती जमते. एवढासा सोडा घरच्या काट्यावर मोजता येत नाही, म्हणून १.२ ग्रॅम एका लिटरमध्ये विरघळवून ते दहापट पातळ करणं सोपं. रंग बदलायला एक-दोन तास लागतात, तेव्हा तो थेंब आत्ताची नव्हे, तर मघाची स्थिती सांगत असतो.

दुसरी पद्धत सामू, म्हणजे पीएच, आणि केएच यांच्या गणिताची. इथे सातारा आणि सांगली वेगळे पडतात. सातारा शहराला कास तलावाचंही पाणी येतं; जांभ्यावरून उतरलेलं पावसाचं पाणी मृदू असतं. सांगलीकडे मात्र कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यातल्या बोअरचं पाणी बरंच जड निघतं. समजा, एका टाकीचा केएच २ आहे आणि दुसरीचा १०. दोन्हींचा सामू ६.६ आला, तर पहिलीत वायू साधारण १५ मिलिग्रॅम आणि दुसरीत ७५. पहिलीतली झाडं अर्धपोटी, दुसरीतले मासे मरणाच्या दारात. ३० मिलिग्रॅमसाठी पहिलीत सामू ६.३ लागेल, दुसरीत ७.० पुरेल. द्राक्षबागेसाठी मातीचा सामू तपासून घेणाऱ्या सांगलीच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको: नुसता सामू अर्धीच गोष्ट सांगतो.

उसाच्या या पट्ट्यात साखर आणि यीस्टच्या बाटलीतून वायू काढण्याचा मोह साहजिक आहे. १८० ग्रॅम ग्लुकोज पूर्ण आंबलं तर ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सुटतो. डिस्टिलरीत मळी आंबते तेव्हाही हेच घडतं. पण बाटलीला बंद करायचं बटण नसतं. रात्री झाडं स्वतःच हा वायू सोडतात, त्यात बाटलीची भर पडते आणि पहाटे मासे सर्वांत अडचणीत येतात. वीज गेली तर आणखी वाईट: दिवे बंद, पाणी हलवणारा फिल्टर बंद, वायू मात्र सुरूच. सिलिंडरला विजेवर उघडणारी सोलेनॉइड झडप असेल तर ती वीज जाताच मिटते. वैशाखातल्या उकाड्यात तर पाणी ऑक्सिजनही कमी धरतं: २५ अंशांना लिटरला सुमारे ८.३ मिलिग्रॅम, ३० अंशांना ७.६. टाकीत मासे असतील तर सगळ्या साहित्यात ही झडप पहिल्यांदा घ्यावी. दिवे लागण्याआधी तासभर वायू सुरू व्हावा आणि दिवे मालवण्याआधी तासभर तो थांबावा, असं टायमर लावलं की रात्रीचा धोकाही टळतो.

सिलिंडर नकोच असेल, तर कृष्णेतच वाढणारी हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया आहेत. (कासवरून मात्र काही उपटू नये; पश्चिम घाटातलं हे पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे.) विरघळलेला वायू संपला की या दोघी पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन काढून घेतात, म्हणून त्यांना सांगलीचं जड पाणी मानवतं. त्यांच्या दाट टाकीत सकाळी आणि दुपारी सामू मोजून पाहावा. दुपारी तो ९ च्याही वर चढू शकतो आणि पानांवर चुन्याचा पांढुरका थर दिसू लागतो.