प्रश्नमंजूषा मोबाईलवर, परीक्षा बांधावर

शेतीच्या पानावर आज परीक्षेची गोष्ट कशाला, असे वाटेल. पण शिकवणारा शाळेतला गुरुजी असो की माझ्यासारखा कृषी खात्याचा माणूस, दोघांची अडचण एकच. समोरच्याने मान हलवली, पण त्याला समजलं का?

शेतीशाळेत यावर जुना उपाय आहे. १९८९ साली इंडोनेशियात भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांसाठी ही शेतीशाळेची पद्धत सुरू झाली आणि पुढे आपल्याकडेही आली. तिच्यात मतपेटी चाचणी घेतात. शेतात फलकावर प्रश्न, शेजारी खरी कीड किंवा रोगट पान आणि खाली उत्तरांचे तीन डबे. वाटेल त्या डब्यात चिठ्ठी टाकायची. पद्धत उत्तम, पण चिठ्ठ्या मोजता मोजता दिवस मावळतो.

नामपूरचे एक गुरुजी माझ्या ओळखीचे. २०२० साली कोरोनात शाळा बंद असताना राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने 'स्वाध्याय' नावाने व्हॉट्सॲपवर दर आठवड्याला सरावाचे प्रश्न पाठवले होते. तेव्हापासून गुरुजींना मोबाईलवर प्रश्नमंजूषा करण्याचा नाद लागला. म्हणाले, "साहेब, डबे कसले मांडता? बसा इकडे." मग दोन-तीन संध्याकाळी बसून आम्ही एकेक साधन करून पाहिलं.

पहिला गुगल फॉर्म. फुकट आहे, मराठीत लिहिता येतं, पानाचा फोटो टाकता येतो. आधी बरोबर उत्तर भरून ठेवलं की गुण आपोआप पडतात आणि कोणत्या प्रश्नाला किती जण चुकले त्याचा आलेख दिसतो. मात्र घरी सोडवायला दिला की उत्तर कोणी दिलं, पोराने की बापाने, हे देवच जाणे.

दुसरं कहूट, हे २०१३ साली नॉर्वेत निघालं. प्रश्न समोरच्या पडद्यावर आणि हातातल्या मोबाईलवर लाल, निळं, पिवळं, हिरवं बटण. पोरं अक्षरशः नाचतात. पण त्यात जो लवकर दाबेल त्याला जास्त गुण; उशिराच्या बरोबर उत्तराला निम्म्यापर्यंत कमी होतात. शेतीशाळेत लावून पाहिलं तर एक आप्पा सगळी उत्तरं बरोबर देऊनही शेवटी. म्हणाले, "साहेब, उत्तर माले येस, पन हाऊ मोबाईल मांगे ऱ्हायना." मला वाईट वाटलं. ज्याला येतं त्यालाच आपण नापास दाखवलं. वर्गातही ज्या पोराच्या घरी साधा मोबाईल, त्याचं हेच होणार.

बंगळूरूत २०१५ साली निघालेलं क्विझिझ (२०२५ पासून नाव वेग्राउंड) त्या मानाने शांत. प्रश्न ज्याच्या त्याच्या मोबाईलवर येतो, ज्याने त्याने आपल्या गतीने सोडवावा. पण असं सोडवायचं तर मोबाईल प्रत्येकाला हवाच.

मला पटलं ते प्लिकर्स. यात मोबाईल एकच लागतो, शिकवणाऱ्याचा. नेटही त्यालाच. बाकीच्यांच्या हाती कागदाचं कार्ड. त्यावर काळी चौकोनी नक्षी, प्रत्येकाची वेगळी, आणि चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. उत्तर 'बी' असेल तर ती बाजू वर करून कार्ड धरायचं. शेजाऱ्याला कळत नाही, त्यामुळे लाजायचं कारण नाही. गुरुजी मोबाईलचा कॅमेरा सगळ्यांवरून फिरवतात आणि कोणत्या क्रमांकाने काय सांगितलं ते लगेच नोंदलं जातं. कार्डांचा संच फुकट छापता येतो. एक सूचना: मी हौसेने चकचकीत लॅमिनेशन केलं आणि उन्हात निम्मी कार्डं वाचलीच गेली नाहीत. साधा जाड कागद घ्या.

आता खरी मेख प्रश्नात आहे. मी आधी विचारलं, "फुलकिडे हानिकारक आहेत का?" सगळे 'हो'. यातून काय कळणार? मग प्रश्न बदलला. कांद्याच्या पातीवर पांढरट, चंदेरी चट्टे दिसतात, कारण काय? पर्याय: करपा, फुलकिडे, पाण्याचा ताण, खताची कमतरता. चुकीचे पर्यायही असे की बांधावर लोक खरोखर तेच बोलतात. निम्म्याहून जास्त कार्डांनी 'करपा' सांगितलं! म्हणजे हे शेतकरी फुलकिड्यांवर बुरशीनाशक मारत होते. औषध गेलं, मजुरी गेली, कीड जागेवर. आणि दोन वर्ग मीच शिकवून झाले होते, तेव्हा चूक कोणाची?

दुसऱ्या दिवशी रोपं उपटून आणली. पातीच्या बेचक्यात लपलेले फुलकिडे भिंगातून प्रत्येकाला दाखवले. किडीने खरवडलेल्या जागेतून करपा सहज शिरतो, म्हणून दोन्ही एकत्र दिसतात, हेही सांगितलं. घोटाळा तिथेच होता.

येत्या शुक्रवारी तोच प्रश्न पुन्हा विचारणार आहे, फक्त पर्यायांची जागा बदलून. कार्डं सध्या गुरुजींकडे आहेत. सातवीचे अपूर्णांक चालू आहेत म्हणे.