आपली जयश्री

रामानंद सागरांचं ‘रामायण’ १९८७ साली सुरू झालं, तेव्हा इथे किराणा दुकानातून कॅसेट आणून आम्ही ते बघायचो. कौसल्या पडद्यावर आली आणि पाहुण्या आलेल्या सासूबाई ओरडल्या, “अगंबाई, ही तर आपली जयश्री!” मुलांना ती फक्त रामाची आई. सासूबाईंना आठवत होती ढोलकीच्या तालावर नाचणारी जयश्री गडकर.

कारवारकडची ही मुलगी नाचतच चित्रपटात आली. शांतारामबापूंच्या ‘झनक झनक पायल बाजे’त (१९५५) ती संध्याबरोबरच्या समूहनृत्यात होती. मग दिनकर द. पाटलांच्या ‘दिसतं तसं नसतं’मध्ये छोटं काम मिळालं, आणि १९५९ साली आला अनंत मान्यांचा ‘सांगत्ये ऐका’. पुण्याच्या विजयानंदला तो १३१ आठवडे चालला! तमाशापट म्हटला की जयश्री, असं समीकरणच झालं. अशा शिक्क्याखाली बऱ्याच गुणी नट्या दबून गेल्या.

ती नाही दबली. मला विचाराल तर तिचं खरं मोल कळतं ते ‘मानिनी’त (१९६१) आणि भालजींच्या ‘साधी माणसं’मध्ये (१९६५). तिथे ती लोहाराची बायको. फड नाही, शिट्ट्या नाहीत. भट्टीपुढचा तो कष्टाळू, समाधानी चेहरा सगळं सांगून जातो. कौसल्येची वाट तिथूनच सुरू झाली असावी.

“आणि तो दशरथ आहे ना, बाळ धुरी, तो तिचा खराच नवरा बरं का!” सासूबाईंनी सांगितलं. मुलांनी लगेच कॅसेट मागे नेली.