वाहनविमा, वाईट चालक आणि कर्माचा हिशेब

मंडळी, विम्यावर विमा एजंटानं बोलावं, तत्त्वज्ञानाच्या माणसाचं इथे काय काम, असं काहींच्या चेहऱ्यावर दिसतंय. काम आहे. चूक कोणाची आणि तिची भरपाई कोणी करायची, हा प्रश्न नीतिशास्त्रात फार जुना आहे. आम्ही त्यावर पुस्तकं लिहितो आणि मोकळे होतो. विमा कंपनीला त्याचं उत्तर रुपयांत द्यावं लागतं. म्हणून तिथे तो जास्त उघडा पडतो.

प्रश्न साधा आहे. ज्याची गाडी चालवण्याची नोंद वाईट, त्याला विमा महाग पडावा का? या सभागृहात मतदान घेतलं तर सगळे हात वर जातील. कल्याण-शीळ रस्त्यावरून रोज येणारे तर दोन्ही हात वर करतील. पण खरी गोष्ट अशी की आपल्याकडे वाईट चालकाला विमा महाग पडतच नाही, निदान तो वाईट चालक आहे म्हणून नाही. आणि ज्याला महाग पडतो तो बऱ्याचदा वेगळाच कोणीतरी असतो. हे कसं होतं ते आधी बघू.

गाडीच्या विम्याचे मुख्य भाग दोन. एक थर्ड पार्टी. तुमच्या गाडीनं दुसऱ्याला इजा केली, त्याचं नुकसान केलं, तर त्याची भरपाई. हा भाग कायद्यानं सक्तीचा आहे, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १४६. त्याचा दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेले दर सांगतो: एक हजार सीसीपर्यंतच्या खाजगी मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये, एक हजार ते दीड हजार सीसीला ३,४१६, त्याच्या वर ७,८९७. यात चालक कसा आहे, हा प्रश्नच नाही. इंजिन केवढं आहे एवढंच विचारलं जातं. चाळीस वर्षं एकही सिग्नल न मोडलेले आजोबा आणि त्यांच्या शेजारचा, तीन हात नाक्याला सिग्नल ही सूचना समजणारा तरुण, दोघांची गाडी सारखी असेल तर दोघांचा हप्ता सारखा.

दुसरा भाग म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसान, ज्याला एजंट ‘ओन डॅमेज’ म्हणतात. इथे सरकारी दरपत्रक होतं, ते १ जानेवारी २००७ पासून सुटलं आणि कंपन्यांना मोकळीक मिळाली. या भागात मात्र एक नोंद ठेवली जाते, तिचं नाव ‘नो क्लेम बोनस’. एक वर्ष दावा केला नाही तर २० टक्के सूट, दोन वर्षं २५, मग ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५०. एक दावा केला की सगळी सूट शून्यावर. वारंवार दावे आले तर कंपनी वर अधिभारही लावू शकते.

आता एक हिशेब करू. कागद-पेन्सिल असेल तर काढा, इथे माझे जुने विद्यार्थी बसलेत, त्यांना सवय आहे. समजा तुमच्या या भागाचा मूळ हप्ता १०,००० रुपये आहे आणि तुम्ही ५० टक्के सूट कमावलीय, म्हणजे भरता ५,०००. पत्रीपुलाच्या गर्दीत कोणीतरी बंपरला घासून गेलं. गॅरेजवाला म्हणाला, चार हजार. तुम्ही दावा केलात. दीड हजार सीसीपर्यंतच्या मोटारीला पहिले १,००० तुमचे तुम्हीच सोसायचे असतात, तेव्हा हातात आले ३,०००. प्लॅस्टिकच्या भागावर घसारा म्हणून निम्मी रक्कम कापतात, ती सध्या सोडून देऊ. आता पुढे काय? पुढच्या वर्षी हप्ता १०,०००, म्हणजे ५,००० जास्त. त्यानंतर ८,०००, मग ७,५००, ६,५००, ५,५००, आणि सहाव्या वर्षी परत ५,०००. जास्तीचे पैसे जमवा: ५,०००, ३,०००, २,५००, १,५००, ५००. बेरीज साडेबारा हजार. तीन हजार मिळवण्यासाठी साडेबारा हजार गमावले! गाडी जुनी होते तसा मूळ हप्ता उतरतो, म्हणून प्रत्यक्ष आकडा थोडा कमी येईल. दिशा तीच राहते.

म्हणून शहाणी माणसं काय करतात? छोट्या ठोकरीचे पैसे खिशातून देतात आणि नोंद स्वच्छ ठेवतात. इथेच गंमत आहे. ही नोंद गाडी कशी चालवली याची नाहीच, दावा केला की नाही याची आहे. वर्षातून सहा वेळा ठोकणारा, पण पैसेवाला माणूस कागदावर आदर्श चालक ठरतो. आणि २६ जुलै २००५ ला कल्याणात ज्यांच्या उभ्या गाड्या उल्हासच्या पाण्यात बुडाल्या, ते गाडीत बसलेलेसुद्धा नव्हते! पण पुराच्या नुकसानीचा दावा हाही दावाच. बोनस गेला. मागून येणाऱ्यानं तुम्हाला ठोकलं, चूक शंभर टक्के त्याची, तरी दुरुस्ती तुमच्या पॉलिसीतून केलीत तर बोनस तुमचा जातो. त्याच्या थर्ड पार्टीतून मागता येतं, पण त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जायचं. बंपरसाठी कोण जाणार?

आपल्या दर्शनांत यासाठी नेमके दोन शब्द आहेत. नैयायिक, मीमांसक, वेदान्ती हे बौद्धांच्या क्षणिकवादावर आक्षेप घेताना म्हणतात: प्रत्येक क्षणाला जुना आत्मा संपून नवा येत असेल, तर केलेलं कर्म फळ न देताच वाया जाईल आणि न केलेल्याचं फळ दुसऱ्याच्याच पदरी पडेल. पहिला दोष कृतनाश, दुसरा अकृताभ्यागम. कर्ता आणि भोक्ता एकच हवा, नाहीतर न्यायाला अर्थ उरत नाही. बौद्धांनी याला चांगली उत्तरं दिली आहेत, ती आज नको. मला एवढंच दाखवायचंय की आपल्या वाहनविम्यात हे दोन्ही दोष एकदमच नांदतात. सिग्नल मोडणाऱ्याचं कर्म हप्त्यापर्यंत पोचतच नाही, हा कृतनाश. पुरात गाडी बुडाली त्याची सूट गेली, हा अकृताभ्यागम. शिवाय बोनस मिळतो मालकाला, गाडी चालवतो मुलगा. मुलानं गाडी ठोकली तर भोक्ता वडील. उद्या मुलानं स्वतःची गाडी घेतली की तो स्वच्छ पाटीनं सुरुवात करणार.

यावर उपाय सुचवला गेला होता. विमा नियामक प्राधिकरणाच्या कार्यगटानं जानेवारी २०२१ मध्ये एक मसुदा जाहीर केला. वाहतुकीचे नियम मोडाल तसे दोषांक चढणार, दारू पिऊन गाडी चालवल्यास १०० अंक, चुकीच्या पार्किंगला १०, आणि ठरावीक अंकांच्या पुढे गेलं की हप्त्यात वेगळी रक्कम वाढणार. आधी दिल्ली परिसरात करून बघा, असं म्हटलं होतं. वर्तमानपत्रांत मोठे मथळे आले आणि मसुदा मसुदाच राहिला.

मला या मसुद्याचं मूळ पटतं. १९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोघांनी एक प्रश्न पुढे आणला, त्याला ‘नैतिक नशीब’ म्हणतात. दोन माणसं सारखीच दारू पिऊन घोडबंदर रोडनं गाडी हाकतात. हे ठिकाण माझं, बरं का. एकाच्या समोर कोणी येत नाही, तो घरी जाऊन झोपतो. दुसऱ्याच्या समोर एक माणूस येतो. दोघांनी केलं ते सारखंच, पण एक गुन्हेगार आणि दुसरा सभ्य गृहस्थ. दाव्यांची नोंद म्हणजे या नशिबाचीच नोंद. नियमभंगाची नोंद कृतीच्या जास्त जवळ जाते. ॲरिस्टॉटलनं मिटिलीनच्या पिटॅकसचा एक कायदा सांगितलाय: दारूच्या नशेत गुन्हा केला तर शिक्षा जास्त. नशा ही सबब नाही, उलट पिण्यापूर्वी निवड तुमच्या हातात होती. आपल्याकडेही नशेत गाडी ठोकली तर स्वतःच्या गाडीची भरपाई पॉलिसीतच नाकारलेली असते.

पण मसुद्यातही तो जुना दोष होताच. भार नोंदणीकृत मालकावर. ई-चलानचा कॅमेरा नंबरप्लेट बघतो. ‘एमएच-०५’ च्या पुढचे आकडे त्याला दिसतात, स्टिअरिंगवरचा माणूस दिसत नाही. भाड्यानं टॅक्सी चालवणारा चलान मालकाच्या नावावर ठेवून उद्या दुसऱ्याची टॅक्सी घेतो. जोवर नोंद परवान्याला, म्हणजे माणसाला, चिकटत नाही तोवर कर्ता आणि भोक्ता वेगळेच राहणार. जुलै २०२२ मध्ये नियामकानं आणखी एक वाट मोकळी केली: तुम्ही कशी गाडी चालवता ते यंत्रानं किंवा मोबाइलनं मोजून हप्ता ठरवणं. हे माणसाच्या आणखी जवळ जातं. पण यंत्राला फक्त जोरात मारलेला ब्रेक कळतो. समोरचा खड्डा त्याला कळत नाही. पावसाळ्यात घोडबंदरला जो ब्रेक मारत नाही, तो खरं तर जास्त धोकादायक!

परदेशातलं सांगतो, कारण इथल्या बऱ्याच घरांतली मुलं तिकडे आहेत. कॅलिफोर्नियात १९८८ साली मतदारांनी एक कायदा संमत केला. त्यानुसार मोटारीच्या हप्त्यात सगळ्यात जास्त वजन चालकाच्या सुरक्षिततेच्या नोंदीला, मग वर्षात किती मैल गाडी चालते त्याला, मग अनुभवाच्या वर्षांना. दारू पिऊन चालवल्याची शिक्षा झाली तर चांगल्या चालकाची सूट दहा वर्षं नाही. तिथे वाईट नोंदीचा माणूस खरोखर भरडला जातो. काहींना कुठलीच कंपनी घेत नाही. मग राज्याच्या योजनेतून असे चालक कंपन्यांमध्ये वाटून दिले जातात. तुम्ही विचाराल, अशांना विमा द्यायचाच कशाला? राहू दे त्यांना बाहेर.

आणि इथे, मंडळी, विषयाचं खरं दुखणं येतं. थर्ड पार्टी विमा चालकासाठी नाहीच. तो रस्त्याच्या कडेला भाजीची पाटी घेऊन बसलेल्या बाईसाठी आहे. हप्ता दुप्पट केला आणि त्या उनाड पोरानं विमा काढणंच सोडलं, तर शिक्षा कोणाला झाली? तिला. उनाड पोराकडून न्यायालयानं दहा लाख वसूल करायचं म्हटलं तरी त्याच्याकडे एक जुनी मोटारसायकल. विम्याशिवाय गाडी चालवल्याचा दंड पहिल्यांदा २,००० रुपये. हप्ता त्याच्यावर गेला की दंडाची जोखीमच स्वस्त पडते. आणि आजच रस्त्यावरच्या निम्म्याच्या आसपास वाहनांना विमा नाही, त्यात दुचाकी जास्त. म्हणूनच २००४ मध्ये स्वर्णसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं परवान्याच्या दोषाबाबत जी वाट दाखवली ती मला फार शहाणी वाटते: कंपनीनं आधी जखमीला पैसे द्यावेत, मग वाटल्यास मालकाकडून वसूल करावेत. जखमीला तुमच्या भांडणात ओढू नका.

भिवंडीच्या गोदामांतून निघणाऱ्या ट्रकांच्या बाबतीत हेच झालं होतं. ट्रकांचा थर्ड पार्टी विमा तोट्याचा, म्हणून कंपन्या टाळाटाळ करत. १ एप्रिल २००७ पासून सगळ्या कंपन्यांचा एक सामायिक पूल केला, तोटा वाटून घ्यायचा. तो पूल मार्च २०१२ ला मोडला, आणि त्याच्या जागी, कंपन्या ज्यांना नाकारतील अशा व्यापारी वाहनांपुरता वेगळा पूल आला. रचना बदलत राहिली. पण एखादी गाडी रस्त्यावर आहे तोवर तिच्या चाकाखाली येऊ शकणाऱ्याला कोणीतरी पैसे द्यायलाच हवेत, हे तत्त्व सुटलं नाही.

तेव्हा माझं मत असं. वाईट चालकाचं ओझं त्याच्या स्वतःच्या गाडीच्या विम्यावर टाका, परवान्यावर टाका, अति झालं तर परवाना काढून घ्या. थर्ड पार्टीच्या हप्त्याला हात लावताना दहा वेळा विचार करा. आणि हप्ता वाढवणं म्हणजे शिक्षा, असं समजू नका. हजार-पंधराशे रुपये जास्त भरून सिग्नल मोडायची मुभा विकत मिळते, असं श्रीमंत माणूस मानू लागला, तर आपण दंडाचं शुल्क करून बसलो. शुल्क भरणाऱ्याला लाज वाटत नाही.

आता तुमचे प्रश्न घेतो. चिठ्ठ्या आल्यात. ‘गाडी विकली तर बोनस कोणाचा?’ बोनस तुमचा, गाडीबरोबर जात नाही. विकताना कंपनीकडून बोनसचं पत्र मागून घ्या, नव्या गाडीला चालतं. आणि नूतनीकरण मुदत संपल्यावर ९० दिवसांच्या आत करा, नाहीतर जमवलेलं सगळं जातं. दुसरी चिठ्ठी: ‘भाचा गाडी नेतो, चलान माझ्या नावावर येतं.’ कलम १३३ नुसार गाडी कोण चालवत होतं हे विचारलं तर मालकानं सांगायचं असतं. मामांनी भाच्याचं नाव सांगावं की नाही, हा नीतिशास्त्राचा वेगळा तास होईल. पुढची चिठ्ठी द्या.