फाटकाबाहेरचा उतार

पुण्यात जुना बंगला पाडून इमारत उभी राहते, तेव्हा जोतं वर जातं. पावसाचं पाणी पार्किंगमध्ये शिरायला नको, हे त्यामागचं कारण. मग गाडी आत चढवायला उतार लागतो. तो आवारात घेतला, तर एखाद्या गाडीची जागा जाते. म्हणून सिमेंटचा रॅम्प फाटकाबाहेर, थेट फुटपाथवर येतो. त्याखाली कडेचा दगड गाडला जातो, पावसाळी गटाराची जाळीही बुजते. जूनमध्ये रॅम्पच्या वरच्या अंगाला तळं साचतं आणि शिव्या खाते महापालिका.

खरं तर घराची मालकी हद्दीच्या भिंतीशी संपते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ चं कलम २२९ सार्वजनिक रस्त्यात अडथळा ठरेल असं बांधकाम करायला मनाई करतं आणि कलम २३१ नुसार आयुक्त ते नोटीस न देताही काढू शकतात. हातगाडीवाल्याला या अधिकाराची चांगलीच ओळख असते. सोसायटीच्या रॅम्पपर्यंत तो क्वचितच पोचतो.

गाडी आत न्यायचीच नाही, असं कोणी म्हणत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेत चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी आणि फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपर्यंत सांगितली आहे. उंची एवढीच ठेवली, तर डांबराच्या कडेला छोटा उतार पुरतो. फाटकासमोरही फुटपाथ त्याच पातळीवर सलग राहतो. चढ-उतार गाडीने करायचा, पादचाऱ्याने नाही. आपल्याकडे नेमकं उलटं घडतं. काठी टेकत निघालेल्या आजींना दर फाटकापाशी तिरक्या सिमेंटवरून तोल सांभाळावा लागतो. दोन-तीन फाटकं झाली, की त्या मुकाट्याने रस्त्यावर उतरतात.

महामार्गालगत नियम आणखी कडक आहे. राष्ट्रीय महामार्गांच्या २००२ च्या नियंत्रण कायद्यानुसार शेजारच्या जमिनीतून वाहन रस्त्यावर आणायला महामार्ग प्रशासनाची परवानगी लागते. ढाबा असो वा पेट्रोल पंप, जमीन स्वतःची आहे एवढ्यावर भागत नाही.

आता ‘गेटसमोर गाडी लावल्यास हवा सोडली जाईल’ ही खास पुणेरी पाटी. दुसऱ्याचं प्रवेशद्वार अडेल अशी गाडी लावायला वाहतुकीचे नियम मनाई करतातच, त्यामुळे मालकाची तक्रार रास्त आहे. पण हवा सोडायचा अधिकार त्याला कोणी दिलेला नाही, आणि फाटकाच्या दोन्ही बाजूंना कुंड्या मांडून रस्ता राखून ठेवायचाही नाही.